आमच्या संग्रहालयात कॉम्प्युटर शिकताना

एका जागी वीस-बावीस वर्षं काढली की किस्से आपोआप साठतात. आमच्याकडे तर जरा जास्तच, कारण संग्रहालयातल्या माणसाला काही टाकून देण्याची सवयच नसते. दुपारच्या चहाला कुणीतरी एक किस्सा बाहेर काढतं, त्यावरची धूळ झटकतं, सगळे हसतात आणि पुन्हा जागच्या जागी ठेवतात. पण गेल्या दीड वर्षात ते इतके जमलेत की आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. निमित्त झालं कॉम्प्युटरचं!

आमचं संग्रहालय नाशकात, जुन्या गावात आहे. चार दालनं, सामान ठेवायची एक खोली आणि आम्ही चार माणसं. वडनेरे सर आमचे अभिरक्षक, म्हणजे सगळ्या संग्रहाची जबाबदारी त्यांच्यावर. रशीदचाचा मूळचे मालेगावचे, विणकरांच्या घरातले. वस्तूंची डागडुजी, साफसफाई, बांधाबांध त्यांच्याकडे. यमुनाबाई सुरगाण्याकडच्या. त्या दालनं झाडतात, काचा पुसतात आणि काचेला नाक लावणाऱ्यांना दम देतात. आणि नोंदी ठेवणारी मी, वैशाली.

सर निवृत्त व्हायला दोन वर्षं उरली होती. संग्रहाची माहिती सात जाडजूड रजिस्टरांत, सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात. जी रजिस्टरात नाही, ती सरांच्या डोक्यात. सर घरी गेले की ती पण घरी जाणार! म्हणून आमच्या ट्रस्टने ठरवलं, सगळं कॉम्प्युटरवर घ्या. आणि आम्हाला शिकवायला पाठवली ऋतुजा. वय सव्वीस. रोज सकाळी मनमाडहून रेल्वेने यायची, पाठीवर ही एवढी सॅक.

तर ऐका.

•

पहिल्या दिवशी ऋतुजाने सरांच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, चालू केला आणि म्हणाली, "आज फक्त ओळख करून घ्या. प्रत्येकाने एकदा हाताळून बघा. मी दहा मिनिटांत सही करून आले."

ती परत आली तेव्हा आम्ही सगळे गंभीर चेहऱ्याने उभे.

"हा बिघडलेला आहे," सर म्हणाले. "बाण जागचा हलत नाही. आम्ही तिघांनी बघितलं."

ऋतुजाने एक बोट फिरवलं. बाण सरसर पळाला.

"चालतोय की, सर."

सरांनी बोट फिरवलं. बाण ढिम्म. चाचांनी फिरवलं. ढिम्म. मी फिरवलं. ढिम्म! ऋतुजा आमच्याकडे बघतच राहिली. मग तिचं लक्ष आमच्या हातांकडे गेलं. सहाच्या सहा हातांत पांढरे सुती मोजे.

"सर, हे काढा. मोज्यांतून त्याला बोट कळत नाही."

"बाई," सर शांतपणे म्हणाले, "या इमारतीतल्या कुठल्याही वस्तूला मोज्यांशिवाय हात लावायचा नाही, हा नियम मी स्वतः केलाय."

"सर, ही वस्तू नाही. हे मशीन आहे."

सरांनी क्षणभर विचार केला. मग एकेक बोट मोकळं करत उजव्या हाताचा मोजा काढला आणि म्हणाले, "पन्नास वर्षांनी वस्तूच होणार आहे!"

•

मग आला पासवर्ड. ऋतुजाने नीट समजावलं. आठ अक्षरं हवीत, त्यात एक आकडा, एक खूण, आणि कुणालाही ओळखता येऊ नये. सरांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना बाहेर काढून, दार लावून पासवर्ड ठेवला.

आठवड्याने मी रजिस्टरात एक नवी नोंद करायला गेले. सर्वांत शेवटची नोंद सरांच्या अक्षरात होती. "संकेतशब्द. १ नग. प्राप्ती: स्वतः तयार केला. स्थिती: उत्तम." आणि वर्णनाच्या रकान्यात अख्खा पासवर्ड, सुवाच्य!

ऋतुजाने कपाळावर हात मारला. "सर! पासवर्ड कुठे लिहून ठेवायचा नसतो!"

"ज्याची नोंद नाही, ते आपल्याकडे नाही."

"अहो पण हे रजिस्टर कुणीही अभ्यासक मागून बघू शकतो ना?"

"बघू शकतो," सर म्हणाले. मग जरा थांबून, "मी इथे लागल्यापासून वाट बघतोय."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर आली, सरांसमोर बसली आणि म्हणाली, "सर, मला पहिलं रजिस्टर बघायचंय. पहिल्या पानापासून."

त्या दिवशी कॉम्प्युटर उघडलाच नाही.

तीन महिन्यांनी मशीनने नवा पासवर्ड मागितला. "मग जुन्याचं काय?" सरांनी विचारलं. ऋतुजा म्हणाली, "तो आता चालणार नाही." सरांनी मुकाट्याने पेन काढलं आणि त्या नोंदीपुढे लिहिलं, "स्थिती: निकामी. वापरातून काढला."

•

हार्ड डिस्क आली तेव्हा ऋतुजाने सांगितलं की रोज संध्याकाळी सगळं काम या डब्यात उतरवून ठेवायचं. म्हणजे लॅपटॉपला काही झालं तरी काळजी नाही. जपायची जबाबदारी रशीदचाचांकडे दिली.

पुढच्या सोमवारी ती कपाटात शोधायला लागली. डिस्क कुठेच नाही. पोथ्यांच्या कप्प्यात मात्र एक नवीन छोटीशी पोथी. लाल कापडात घट्ट गुंडाळलेली, वरून दोरी, आत वेखंडाचे तुकडे आणि सुकवलेला कडुनिंबाचा पाला.

"चाचा, हे काय?"

"तूच बोललीस ना बेटी, कॉम्प्युटरला व्हायरस लागतो म्हणून?" चाचा म्हणाले. "हम क्या बोलते, वाळवी असो, कसर असो, का तुझा व्हायरस. वेखंडापुढे कुणी टिकत नाही!"

ऋतुजाने ते सोडलं, काम केलं, आणि चाचांसारखीच घडी घालून पुन्हा बांधलं. दोरीची गाठ तिला जमेना. चाचांनी दोनदा शिकवली.

एकदा ट्रस्टचे एक सदस्य पाहणीला आले. त्यांनी डिस्क हातात घेऊन हुंगली आणि विचारलं, "हिला वेखंडाचा वास कसा काय?"

ऋतुजा चेहऱ्यावरची रेषसुद्धा न हलवता म्हणाली, "अँटिव्हायरस, सर."

•

आता यमुनाबाईंचा किस्सा. हा मी अजून दहा वेळा सांगेन.

टायपिंगने माझी बोटं दुखायला लागली, तेव्हा ऋतुजाने मोबाइलवर बोलून लिहायचं शिकवलं. आपण मराठीत बोलायचं आणि समोर अक्षरं उमटत जातात. मला तर खेळच मिळाला. मी रजिस्टर मांडीवर घेऊन घडाघडा वाचत सुटले. तिसऱ्या दालनातली हत्यारं चालली होती. वस्तू टेबलावर, पांढऱ्या चादरीवर मांडलेल्या. यमुनाबाई बाजूला फरशी पुसत होत्या.

मी वाचलं, "लाकडी दांडा. गदेसारखे शस्त्र. बहुधा सैनिकी वापराचे."

यमुनाबाईंनी पोछा खाली ठेवला. "कंचा शस्त्र?"

मी बोटाने दाखवलं.

बाई हसायलाच लागल्या. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना. "अगं बाय, शस्त्र कसला? हा तं लोढणा आहा! ढोराचे गळ्यात बांधतात, म्हंजे त्याला धावता येत नाय. आमचे बानी आमचे गाईला केला होता. अस्साच. तिकडून भोक पाडून दोरी घालायची."

मी दांडा उलटा केला. भोक! दोरीने घासून गुळगुळीत झालेलं. सरांना हाक मारली. सर आले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ती नोंद त्यांनीच लिहिली होती, नोकरीच्या पहिल्या वर्षी.

"यमुनाबाई," सर खाली बसत म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही हे रोज पुसता. मग बोलला का नाहीत?"

"मला काय ठावा तुमी काय लिवलंय?" बाई म्हणाल्या. "मला वाचता येतं का? मला वाटला, तुमी लोढणा म्हनूनच ठेवलाय. मनात म्हनलं, बरं केलं. आमच्याकडचा पन काही ठेवलाय."

तेवढ्यात माझं लक्ष मोबाइलकडे गेलं. तो आपला चालूच होता! पडद्यावर ओळीने उमटलेलं, "गदेसारखे शस्त्र बहुधा सैनिकी वापराचे अगं बाई शस्त्र कसलं हे तर लोढणं आहे", आणि पुढे गाय, दोरी, बा, सगळं. बाईंची भाषा तेवढी त्याने शहरातली करून टाकली होती.

मी ते पुसायला बोट उचललं. सर म्हणाले, "थांबा. एक शब्द काढू नका." मग ऋतुजाला म्हणाले, "तुझ्या त्या तक्त्यात माहिती देणाराचं नाव घालायला रकाना आहे का?"

"नाही, सर. पण करता येतो."

"कर."

दुसऱ्या दिवसापासून सर यमुनाबाईंना खुर्चीत बसवायचे आणि 'उपयोग अज्ञात' असलेली एकेक वस्तू त्यांच्यापुढे आणायचे. पाच-सहा वस्तू त्यांनी झटक्यात ओळखल्या. एक मात्र कितीतरी वेळ उलटसुलट करून बघितली आणि परत दिली.

"यावर काय लिवलंय तुमी?"

"अज्ञात. म्हणजे ठाऊक नाही."

"मंग बरोबर लिवलाय!"

•

प्रत्येक वस्तूखाली ते चौकोनी ठिपक्यांचं क्यूआर कोडचं स्टिकर लावायचं ठरलं. पाहुण्याने मोबाइल धरला की माझ्या आवाजात वस्तू स्वतःची माहिती सांगणार. स्टिकर चाचांनी फूटपट्टीने मोजून असे सरळ लावले की बघत राहावं. फक्त दोन अदलाबदल झाले. पितळी समईचं मोटेला आणि मोटेचं समईला. मोट म्हणजे पूर्वी बैल जोडून विहिरीतून पाणी काढायचे, ती चामड्याची मोठी पिशवी.

एक सद्गृहस्थ आले. समईपुढे उभं राहून त्यांनी कानाला मोबाइल लावला. एकदा ऐकलं. पुन्हा ऐकलं. मोटेपाशी गेले, तिथे ऐकलं. मग माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, मी अंबडला कंपनीत पस्तीस वर्षं मशीनवर काढली," ते अगदी नम्रपणे म्हणाले. "पण ही समई दोन बैल ओढतात आणि तिच्यातून उसाला पाणी जातं, हे तंत्र काही लक्षात आलं नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाचा तर स्टिकर काढायला धावलेच.

"नका नका," गृहस्थ म्हणाले. "रविवारपर्यंत राहू द्या. मिसेसना घेऊन येतो. तिचं ऑपरेशन झाल्यापासून ती हसलेली नाही हो."

रविवारी आले. दोघं समईपुढे एकाच मोबाइलला कान लावून उभी. आधी काहीच नाही. मग बाईंनी नवऱ्याच्या खांद्याला धरलं, आणि त्या हसल्या. पोटावर हात दाबून, टाके सांभाळत सांभाळत हसल्या.

चाचांनी सोमवारी स्टिकर बदलले. तेही जरा नाइलाजानेच.

•

कापडांचे फोटो काढायचे दिवस आले. ऋतुजाने असा कॅमेरा आणला होता की लुगड्याचा एक इंच पडद्यावर चादरीएवढा दिसायचा. एक जुनं, गर्द जांभळं लुगडं होतं आमच्याकडे. 'विणकर' या रकान्यापुढे 'अज्ञात' असं लिहिलेलं. तसं सगळ्याच कापडांपुढे असतं म्हणा.

चाचा पडद्याजवळ खुर्ची ओढून बसले. रोज मोज्यातल्या हाताने ज्याची घडी घातली, ते कापड त्यांना असं कधी दिसलंच नव्हतं. एकेक धागा दोरखंडाएवढा!

"रुको," ते अचानक म्हणाले. "मागे घे. वर. हां, इथे."

धागा तुटला होता आणि विणकराने तो गाठ मारून पुढे चालवला होता. बारीकशी गाठ. चाचांनी आणखी दोन गाठी शोधायला लावल्या. बघितल्या आणि मान हलवली.

"हा माणूस डावखुरा होता."

सरांनी भुवया उंचावल्या. "चाचा, पुरावा?"

चाचांनी माझ्याकडे दोरा मागितला. उजव्या हाताने गाठ मारली. दुसऱ्या दोऱ्याला डाव्या हाताने, जरा चाचपडत, मारली. दोन्ही कॅमेऱ्याखाली ठेवल्या. उजव्या हाताच्या गाठीचा पीळ एकीकडे, डाव्याचा दुसरीकडे. लुगड्यातली गाठ हुबेहूब डाव्या हाताची!

"आमचे दादाजी डावखुरे होते," चाचा म्हणाले. "लहानपणी मागावर शेजारी बसायचो मी. धागा तुटला की ते मला बोलायचे, तू नको मारू गाठ, तुझी उलटी बसते."

"म्हणजे हे लुगडं तुमच्या आजोबांनी...?" ऋतुजाचे डोळे मोठे झाले.

"नाही, नाही," चाचा हसले. "मालेगावात काय एकच डावखुरा होता? आम्ही असं कसं बोलणार? खोटं लिहू नका." मग पडद्याकडे बघत म्हणाले, "पण कुणीतरी होता ना."

सरांनी स्वतः, दोन बोटांनी, टाइप केलं. "विणकर: अज्ञात. डावखुरा."

जेवणाच्या सुट्टीत मी आत डोकावले. चाचा डबा न उघडता पडद्यापुढे बसले होते. दोऱ्याचा तुकडा घेऊन डाव्या हाताने गाठ मारत होते, सोडत होते, पुन्हा मारत होते.

•

हे वाचून वाटेल की सर हळूहळू सरावले. सरावले, पण भीती गेली नव्हती. ऋतुजा आली की बिनधास्त, नसली की माउसला असा हात लावायचे जसा तापलेल्या तव्याला.

एक दिवस ऋतुजाची गाडी दीड तास लेट होती. सरांना वाटलं, तोवर नाण्यांच्या नोंदी तपासू. मी बाहेर दालनात, सहलीला आलेल्या शाळेच्या मुलांत अडकले होते. आत आले तर सर खुर्चीत सरळ बसलेले. चेहरा पांढराफटक.

"वैशालीताई, नाणी गेली."

मला वाटलं चोरी! पळत दालनात गेले. नाणी आपली जागेवर. परत आले तेव्हा कळलं. पडद्यावरच्या नोंदी गेल्या होत्या. सगळ्या. सरांनी चार महिने रोज बसून, एकेक अक्षर शोधून भरलेल्या.

"आपण पुन्हा भरू, सर," मी म्हटलं. वेखंडातली डिस्क त्या गडबडीत कुणाला आठवलीच नाही.

"मला पुन्हा चार महिने बसवणार नाही," सर म्हणाले. एवढंच. आणि कागद पुढे ओढला.

ऋतुजा धापा टाकत आली तेव्हा चाचाही आत आले होते आणि कागद पूर्ण झाला होता. "माझ्या हलगर्जीपणामुळे संग्रहाचे नुकसान झाले असून मी या पदास पात्र नाही, तरी माझा राजीनामा..." अक्षर नेहमीसारखंच, मोत्यासारखं.

ऋतुजाने सॅकसुद्धा उतरवली नाही. कागद वाचला, बाजूला ठेवला, खुर्चीच्या हातावर टेकून चार ठिकाणी क्लिक केलं. पडदा भरला. पहिलं नाणं, दुसरं नाणं, तिसरं. सगळी नाणी ओळीने परत येऊन बसली.

सर बघत राहिले.

"कुठे होती ही?"

"कचऱ्याच्या डब्यात, सर. पुसलेलं लगेच जात नाही. तिथे थांबतं. आपण बोलावलं की येतं."

"सगळं?"

"सगळं."

"कधीही बोलावलं तरी?"

"तीस दिवसांच्या आत, सर. त्यानंतर नाही येत."

सरांच्या मिसेस जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. आम्हाला तिघांनाही एकदम तेच आठवलं असावं, कारण चाचा खिडकीकडे वळले आणि मी उगाच फाइल उचलली.

"तीस दिवस," सर हळूच म्हणाले. "पुष्कळ झाले."

ऋतुजाला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण पोरगी शहाणी. तिने काही विचारलं नाही. राजीनामा उचलला, त्याचे चार तुकडे केले, आठ केले, सोळा केले.

"आणि हा डिलीट," ती म्हणाली. "हा मात्र तीस दिवसांत पण परत येणार नाही!"

•

आता शेवटचा, गेल्या महिन्यातला.

कधीकाळी बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओच्या घरच्यांनी आम्हाला एक लाकडी पेटी दिली होती. आत काचेच्या प्लेटा. पूर्वी फोटो काचेवर काढायचे. त्यावर सगळं उलटं दिसतं, केस पांढरे आणि चेहरे काळे. कागदावर छापल्याशिवाय माणूस ओळखू येत नाही, आणि ते छापायची सोय आमच्याकडे नव्हती. पेटी तशीच पडून होती.

ऋतुजाने एकेक काच स्कॅन केली आणि कॉम्प्युटरवर उलटवली. काय सांगू तुम्हाला! काळ्या डागांतून माणसं बाहेर यायला लागली. नवराबायको, पैलवान, शाळेचा वर्ग, घोड्यावरचा नवरदेव. कुणाचंच नाव नाही. एका काचेच्या पाकिटावर तेवढं पेन्सिलीने लिहिलेलं, "रेल्वे, मनमाड." त्यात रेल्वेचा कोट घातलेला एक माणूस उभा, शेजारी खुर्चीत नऊवारीतली बाई, तिच्या मांडीवर टोपडं घातलेलं बाळ.

"आमच्या गावचे!" ऋतुजा म्हणाली. तिने तो फोटो संग्रहालयाच्या पानावर टाकला. खाली लिहिलं, "यांना कुणी ओळखतं का?"

पंधरा दिवसांनी एका मुलीचा फोन आला. "तो फोटो माझ्या आजीला दाखवायचाय. तिचे वडील मनमाडला रेल्वेत होते. घरी मोबाइलवर तिला नीट दिसत नाही. आणलं तर चालेल?"

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दोघी रिक्षातून उतरल्या. आजींचं नाव सुमनबाई. ऐंशीच्या पुढच्या, पण पायऱ्या कुणाचा हात न धरता चढल्या. सरांनी आपली खुर्ची दिली. ऋतुजाने टॅबवर फोटो उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हे बापू," सुमनबाई लगेच म्हणाल्या. कोटवाल्या माणसावर बोट. "माझे वडील. म्हातारपणी पण असेच उभे राहायचे, एक खांदा पाडून."

आणि थांबल्या. बाईकडे बघेनात.

नात आमच्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "आजी वर्षाची पण नव्हती तेव्हा तिची आई गेली. घरात फोटो नव्हता एकही. मग दुसरी आई आली, ती फार चांगली होती. तिला वाईट वाटेल म्हणून आजीने पहिलीबद्दल कधी कुणाला विचारलंच नाही."

सर खाकरले. त्यांना राहवलं नसावं. "आजी, हे बाळ तुम्हीच कशावरून? एखादं भावंड असेल."

सुमनबाईंनी डावा हात पदराबाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. अंगठ्याशेजारी आणखी एक इवलंसं बोट होतं. सहावं.

ऋतुजाने फोटो मोठा केला. बाळाची मूठ मोठी होत होत पडदाभर झाली. धूसर होती, पण मोजता येत होती. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि त्याला चिकटून, तांदळाएवढं, सहावं.

सरांनी मान डोलावली.

"आता चेहरा दाखव," सुमनबाई म्हणाल्या.

ऋतुजाने चेहरा आणला. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी. कपाळावर मोठं कुंकू, नाकात नथ, ओठ घट्ट मिटलेले. हसू येतंय आणि फोटोवाल्याने हसू नका म्हणून सांगितलंय, असे.

"केवढीशी आहे गं ही!" सुमनबाई म्हणाल्या. नातीकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे. "तुझ्यापेक्षा लहान आहे. पोरच आहे."

त्यांनी हात पुढे केला आणि बोटं त्या गालावरून हळूच फिरवली.

फोटो सरकला. बोट लागताच दुसरा आला, सायकल धरून उभा असलेला कुणी माणूस. सुमनबाईंनी दचकून हात मागे घेतला. ऋतुजाने पटकन तो फोटो परत आणला. सुमनबाईंनी पुन्हा गालावरून हात फिरवला. फोटो पुन्हा सरकला.

"आजी, थांबा, मी लॉक करून देते," ऋतुजा म्हणाली. "मग तो हलणार नाही."

"नको," सुमनबाई म्हणाल्या. "तू फक्त आण तिला."

ऋतुजाने आणलं. सुमनबाई टॅबवर वाकल्या. या वेळी एकच बोट, अगदी टेकलं न टेकलं असं, गालाजवळ नेलं आणि लहान मुलीला समजवावं तशा हळू आवाजात म्हणाल्या,

"अगं, थांब ना जरा. आत्ता तर आलीस."